भीती काढून मिळेल

पाटी रंगवणारा म्हणाला, कॉम्प्युटर क्लास लिहू?
म्हटलं, नको. लिही,
मोबाईलची भीती काढून मिळेल.
ब्रश हवेतच धरून तो हसला,
मावशी, हे दृष्ट काढल्यासारखं वाटतंय.
वाटू दे.
मीठ-मोहऱ्या नाहीत, एवढाच फरक.

विक्रोळी, कन्नमवार नगर,
रामसुमेरच्या पिठाच्या गिरणीला चिकटून
सहा बाय पाचची जागा.
दोन स्टुलं, भिंतीवरचा पंखा
आणि एकसष्टाव्या वर्षी छापून घेतलेलं
माझं पहिलं पावतीपुस्तक.
भाडं दोन हजार.
पहिल्या महिन्याची कमाई अकराशे चाळीस.
पुण्याहून मुलगा म्हणाला, आई, हे वय आहे का?
म्हटलं, वय उरलं नाही, म्हणून तर घाई.

दुकानाचे नियम दोनच.
समोरच्याचा फोन मी हातात घेत नाही.
आणि 'सोपं आहे' हे शब्द इथे उच्चारायचे नाहीत.
सोपं आहे गं आई, म्हणत
किती वेळा ओढून घेतला गेला माझ्या हातून फोन,
अंगठे असे भराभर फिरले त्यावर
की मी एवढंच शिकले,
मला येत नाही.

धुरी बेस्टमध्ये कंडक्टर होते.
स्क्रीनवर बोट असं दाबतात
जणू तिकीट पंच करतायत.
म्हटलं, हळू हो, काच आहे ती,
तिला गुदगुल्या केल्या तरी कळतं.
लाजले.
तेव्हापासून करंगळी वापरतात.

भागीरथीबाई आल्या हयातीच्या दाखल्यासाठी.
बँकेतलं यंत्र त्यांचा अंगठा घेईना.
चाळीस वर्षं लोकांची भांडी घासून
रेषाच गेल्यात.
जित्ती हाय मी, त्याला कोण सांगणार?
मग चेहऱ्याचं अ‍ॅप उघडलं,
म्हणजे त्यांनीच उघडलं, पाऊण तास लागला.
त्यानं सांगितलं, पापणी मिटा, उघडा.
बाईंनी डोळे गच्च मिटले
आणि उघडेचनात.
उघडले आन् नाय म्हनलं तर?
गिरणीचं पीठ उडून काचेवर बसलं होतं,
त्यात त्यांचं बोट उमटलं होतं,
गोल, बिनरेषांचं,
तरी त्यांचंच.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.
एकतीस वर्षं.
सुरुवातीला कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड,
ट्रंक बुकिंग, बोला.
नुसत्या आवाजावरून ओळखायचे
कोणाकडे बारसं, कोणाकडे मयत.
आणि दोन वर्षांमागे, भर दुपारी,
एक आवाज आला,
इतका अदबशीर, वाक्यागणिक ताई म्हणणारा,
केवायसी संपतंय म्हणाला.
सहा आकडे मी त्याला वाचून दाखवले,
सावकाश, स्पष्ट,
नोकरीत वाचायचे तसे.
एक्केचाळीस हजार.
मुलाला अजून सांगितलेलं नाही.

काल धुरींना सांगितलं.
का, ते ठाऊक नाही.
गिरणी चालू होती, ओरडूनच सांगावं लागलं,
आणि नेमका पट्टा निसटला, गिरणी थांबली,
आणि माझे एक्केचाळीस हजार
डबे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या रांगेनं ऐकले.
धुरी काचेकडे बघत राहिले.
मग म्हणाले, माझे बासष्ट.
रांगेतून कोणी म्हणालं, आमच्या ह्यांचे अकरा,
त्यांनी मला पाच सांगितले होते.
मागे कोणीतरी फिसकन हसलं,
मग सगळ्याच.

रामसुमेरनं पट्टा चढवला.
धुरींनी स्टूल पुढे ओढलं,
ते नंबर ब्लॉक करायचं परत दाखवा.
मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.
म्हटलं, तुम्ही दाखवा.
मी विसरते अधूनमधून.