वेग मोजण्याचा दिवस

दर महिन्याच्या बारा तारखेला
नारिनहून साहेब येतात, वेग मोजायला.
आदल्या संध्याकाळी हेडमास्तरांचा निरोप:
उद्या दहा ते अकरा कुणी हात लावायचा नाही,
ना शाळेत, ना वाचनालयात.
म्हणजे आकडा चांगला येतो.

घोडं इथेच पेंड खातं, पण बोलायचं कुणी?

मी अनारकुल, वाचनालयाची.
सव्वीस हिवाळे या शेगडीत कोळसा घालते आहे.
चार हजार दोनशे पुस्तकं, त्यातली निम्मी
अशा एका देशाबद्दल
जो आता नकाशावर नाही.

तार आली मागच्या उन्हाळ्यात.
खिंडीपर्यंत ट्रकने; पुढे रस्ता खचलेला,
म्हणून तोक्तोबेकच्या तीन घोड्यांवर
काळी भेंडोळी लादून.
एक घोडी मध्येच बसली, उठेना.
तोक्तोबेक म्हणाला, आत नुसता उजेड आहे म्हणता,
मग एवढं जड कसं?
अजून कुणी त्याला नीट उत्तर दिलेलं नाही.

त्याआधी एक धडा उतरवायला लावून
झऱ्यावर जावं, दोन बादल्या भरून यावं,
तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं.
खुंटीला बांधलेलं शिंगरू, म्हणायची मुलं.

आता म्हातारा एशिम्बाय रोज येतो,
खिंडीवरचं हवामान बघतो, मान डोलावतो,
आणि बाहेर जाऊन वाऱ्याचा वास घेतो.
दोन्ही जुळलं तरच मेंढ्या सोडतो.
आणि सैकाल. तेरा वर्षांची.
गणिताचे मास्तर बिश्केकला गेले ते गेलेच,
म्हणून ती माझ्या खिडकीपाशी बसते,
ओशच्या एक बाई तिला पडद्यावरून शिकवतात.
दहा वाजता.

काल बारा तारीख होती.
साहेब आले, गाल थंडीने लाल, हातात डबा.
तेवीस पडदे काळे.
मुलं मांडीवर हात ठेवून बसलेली,
फोटो काढायला बसतात तशी.
सैकाल घड्याळाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.
माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अठ्ठ्याण्णव, साहेब म्हणाले. वा!
मी वही पुढे केली, पेन केलं नाही.
म्हटलं, चहा टाकलाय, पाच मिनिटं बसा.
मग मुलांना म्हटलं, लावा.

खोली उजळली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.
डब्यातला आकडा उतरायला लागला:
एकसष्ट. चाळीस.
साहेबांनी डबा हलवून बघितला.
सतरा. अकरा.
अकरावर थांबला, श्वास लागलेल्या माणसासारखा.

लाइनीत बिघाड आहे, साहेब म्हणाले.
नाही, म्हटलं,
आत्ता कुठे ती चालू झाली आहे.

वहीत मी अकरा लिहिलं. अक्षरातही लिहिलं.
त्यांनी सही केली नाही.
चहा मात्र पुरा घेतला,
वाडग्याच्या तळाशी बघत, बराच वेळ.

तिकडे खिडकीपाशी ओशच्या बाई थिजलेल्या,
खडू वर, तोंड अर्धं उघडं.
सैकाल वहीत पुढची ओळ सोडवत होती.
बाई हलतील तेव्हा हलतील.
उत्तर आलं की ती वही उलटी धरते, पडद्यासमोर,
आणि धरूनच ठेवते.