वाळूचा उच्चार

शटर अर्धं ओढून घेतलं.
भडगावात दहा वाजले की बसस्टँडसुद्धा घोरतं,
तरी कूलर चालू ठेवला,
बाहेरून कोणी कान लावलाच
तर त्याला कूलरचीच खडखड मिळावी.

ती स्टुलावर बसली. नाव सांगत नाही.
फाइलला मी नाव दिलं होतं ‘चार्जर’.

तिला समजावलं:
आवाज तीन पट्ट्या खाली उतरवलाय.
इकडे तुम्ही बोलाल, तिकडे एक गडी बोलेल,
घशात सरकी अडकल्यासारखा.
कॉल आधी परदेशात जाईल, तिथून आणखी कुठे,
मग धुळ्याला, वकीलसाहेबांच्या कानात.
शब्दांना कुलूप आहे. वाटेत पकडले तरी उघडणार नाहीत.

‘मंग भेव कसानं?’

म्हटलं, एरंडोल रस्त्यावरचा वजनकाटा आठवा.
डंपरवर ताडपत्री असते, आतलं दिसत नाही,
पण काट्यावर चढला की आकडा बोलतो:
भरलेला, रिकामा, अर्धा.
तसंच हे. तुम्ही गप्प झालात की गाडी हलकी,
बोललात की जड.
एक शब्द ऐकू न येता, नुसत्या आकड्यांवरून
ताडणारे ताडतात,
कोण कुठे अडलं, कोणाला कुठे धाप लागली.
म्हणून मी रिकाम्या गाड्याही भरून पाठवतो,
सगळ्या एकाच वजनाच्या.
गप्प बसण्यात भुसा.

ती म्हणाली, ‘बठा लबाडीना धंदा शे.’

चाचणी घेतली.
यंत्रातून एक जाडा, अनोळखी गडी म्हणाला,
‘रातले गिरणामाईन वायू काढतस.’

मी थांबवलं.
गळा बदलला होता, पट्टी बदलली होती,
ळ नव्हता बदलला.
तो तिच्या तोंडात जन्मापासून य आहे.
लिहून घेणाऱ्या अ‍ॅपने तर इमानदारीत लिहिलं:
रात्री नदीतून वायू चोरीला जातो.

आम्ही दोघं हसलो, तोंड दाबून.
मग मी म्हणालो, वाळू नको, रेती म्हणा.
डोळा नको, नजर. वेळ नको, टाइम.
सकाळ तर नकोच.
तिने बोटांवर मोजून घेतलं,
उपासाला काय चालतं, काय नाही, तसं.

कॉल लागला.
रेती म्हणाली. टाइम म्हणाली.
दिवे बंद ठेवून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर म्हणाली,
घडाघड, दुधाच्या हिशोबासारखे.
मग आली त्या खड्ड्यापाशी,
जिथे परवापर्यंत गुडघाभर पाणी होतं,
जिथे पोहायला उतरलेलं पोर

त्याच्या नावात शेवटी ळ आहे.
(एवढंही सांगायला नको होतं मी.)

वकील विचारत राहिले, हॅलो, आहात का?
ती माझ्याकडे बघत होती.
नावाला दुसरा शब्द मी दिलेलाच नव्हता.
स्क्रीनवर रेघ एकसारखी,
गाड्या एकामागे एक, एकाच वजनाच्या,
ताडपत्री घट्ट.
एकवीस सेकंद.
त्यात भुसा होता असं मला आता म्हणवत नाही.

मग ‘ते पोर’ म्हणाली, आणि पुढे बोलली.

बाजाराच्या दिवशी कुजबुज होती,
कोणीतरी बोललंय म्हणे.
पुरुष आहे म्हणे. बाहेरचा असेल.
डंपरवाल्याचा भाचा शेंगा खात
सगळ्यांच्या तोंडांकडे बघत फिरत होता,
आणि चहूकडे
‘केयी काय भाव?’
‘डोया फुटनात का रे?’
‘आते येय नही माले.’
हजार तोंडं, सगळ्यांचा एकच य.
च्यायला, मी उगीच तो तिच्याकडून काढून घेतला.
पुण्यात तो तिला पकडून देईल.
इथे तर तोच पदर.

ती होती तिथेच, वांग्यांच्या ढिगापाशी.
माझ्याकडे पाहिलं नाही. तेही मीच शिकवलेलं.
एकेक वांगं तळहातावर तोलत होती,
हलकं ते ठेवून घेत,
जड परत ढिगात.