मूठ, चार बोटं, एक बोट

निवृत्तीआधी डेडस्टॉकचं रजिस्टर जुळवून द्यावं लागतं.
खुर्च्या सहा.
ॲल्युमिनियमचं फावडं एक.
भिंगं अकरा, पैकी एक तडकलेलं.
अनुक्रमांक सत्तावीस : हिमनमुने, नग चौदा.
"हे कुठायत, मॅडम?" ऑडिटचे दुधनीकर विचारतात.
वितळले, मी म्हणते.
त्यांचं पेन हवेत थांबतं.
"वितळले असा रकाना नाही.
हरवले आहे, मोडले आहे,
उंदरांनी खाल्ले आहे."

बाहेर चव्वेचाळीस.
केगावच्या माळावर कुत्रंसुद्धा सावली बदलत नाही.

रुजू झाले तेव्हा शेजारीण सांगायची,
ह्या बर्फाच्या कारखान्यात असतात.
मी पहिल्या तासाला कारखान्यातूनच लादी मागवली,
गोणपाटात, भुशासकट.
म्हटलं, नीट बघा, हा बर्फ. हिम नव्हे.
आपण दोघांनाही एकाच नावानं हाक मारतो
आणि दोघंही ओ देतात, ही खरी अडचण.
मधल्या सुट्टीत पोरांनी ती फोडून सरबतात घातली.

हिम शिकवलं ते टॉवेलवर.
बापानं मागावर विणलेला, फासेदार, कोरा.
हे बघा, सूत कमी, हवाच जास्त.
ताज्या हिमात शंभरातले नव्वद भाग हवा.
घरी आईला हेच सांगितलं तर म्हणाली,
मग पगार हवेचा देतात होय तुला?
आमच्या तेलुगूत हिमाला मंचू, चांगल्याला मंची.
ती शेवटपर्यंत दोन्हींत घोळ घालायची.
पोरगी मंची शिकवते, सांगायची बायकांना.
मी दुरुस्त केलं नाही.

दरवर्षी दहा दिवस वर, हिमाचलात.
डोक्याएवढा खड्डा खणायचा, भिंत सरळ तासायची,
मग हात लावून थर ओळखायचे :
मूठ शिरते का? नाही तर चार बोटं.
नाही तर एक बोट. मग पेन्सिल. मग सुरी.
बाप असाच अंगठा दाबायचा कापडावर
आणि मुकादमाला काही न बोलता गठ्ठा परत करायचा.
तळाशी कधी कधी कण सुटे झालेले असतात,
एकमेकांना न धरणारे, साखरेसारखे.
साखर म्हटलं की सोलापूरच्या पोरांना जास्त सांगावं लागत नाही.
वरचा सगळा डोंगर त्या साखरेवर उभा असतो.

मोहोळचा बसवराज हत्तुरे, ज्यानं तोवर
फ्रिजसुद्धा घरात पाहिला नव्हता,
आता काश्मिरात हिमस्खलनाचे इशारे देतो.
पहाटे फोन करतो, नमस्कार वगैरे काही नाही :
"मॅडम, मूठ शिरली."
तेवढंच. मी म्हणते, रस्ता बंद करायला सांग.

आणि ते चौदा नमुने.
मे महिना, रात्री दीडला वीज गेली ती अकरापर्यंत.
जनरेटरला डिझेल नव्हतं, डिझेलला मंजुरी नव्हती.
शिपाई सिद्राम फ्रीझरवर ओली पोती टाकत बसला,
पोती वाळत, तो पुन्हा भिजवी.
सकाळी चौदा बरण्यांत चौदा पाणी.
लेबलं शाबूत : उंची, तारीख, थर क्रमांक.
तीन वर्षांचा पेपर होता तो.
"वतू का?" सिद्रामनं विचारलं
आणि मागच्या लिंबाला घातलं.
झाड काही वेगळं वाढलं नाही.

दुधनीकर बराच वेळ रजिस्टर उलटंसुलटं करतात.
मग सत्तावीससमोर लिहितात : पाणी, शिल्लक निरंक.
सही घेतात, फावड्याकडे बघतात,
टोपण लावता लावता हळूच विचारतात,
"ते पडताना आवाज होतो का हो?"

काय सांगू.
मी अशोक चौकातली. जन्मापासून कानात माग.
खटखट थांबायची ती फक्त वीज गेल्यावर,
मग आई चिमणी शोधायची, बाप अंधारात हात झटकायचा.
वर पहिल्या रात्री तंबूत मला जाग आली,
हिम पडत होतं,
मला वाटलं, लाइट गेली.