सहा शनिवार

सभागृह लग्नाला दिलं होतं म्हणून
आमचं प्रशिक्षण फिजिक्सच्या लॅबमध्ये झालं.
चौदा जण, उंच स्टुलांवर,
टेबलावर कोणीतरी विसरलेला लंबक.
खाली वेंगुर्ल्याच्या बंदरात बर्फ फोडत होते
आणि आरोंदेकर मॅडम फळ्यावर लिहीत होत्या:
सल्ला देऊ नका.

पुढच्या खेपेला ‘माझ्या वेळी’ हे शब्द बंद.
मग, समोरचा थांबला की मनात सातपर्यंत मोजा,
त्यानंतरच बोला.
विरेंद्र गिरप चारलाच हसायचा.
त्याला पुन्हा पुन्हा माझ्यासमोर बसवलं.
मी पहिल्या वर्षाचा रडवेला मुलगा,
तो मोजतोय, कान लाल करून.

एका शनिवारी मॅडमनी विचारलं,
ऐकणं म्हणजे काय?
कोणी म्हणालं आदर. कोणी, लक्ष.
मला बाबा आठवले,
होडीच्या इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून
मूठ कानाशी धरलेले.
शेजारी खलाशी ओरडतोय, डिझेलात पाणी गेलाहा,
बाबा डोळे मिटून.
मग हळूच, तिसरो वाल्व.
पण हे मी वर्गात बोललो नाही.

सहाव्या शनिवारी वीस गुणांचा पेपर,
आणि जाड कागदाचं, सोनेरी काठाचं प्रमाणपत्र:
कु. हर्षला कुबल, सहाध्यायी मार्गदर्शक.
मी हर्षल.
क्लार्क म्हणाले, सोमवारी बदलून देतो.
आईने तोवर फ्रेम करून घेतलं,
बांगडे घ्यायला आलेल्या बायांना सांगते,
माझो झील सर्टिफायड झालो.

माझ्या वाट्याला रवळनाथ आसोलकर.
एफवाय, आसोलीहून एसटीने येणारा.
हजेरी पुरी, वह्या अर्ध्या कोऱ्या,
पहिल्या चाचणीत भोपळा.
दर बुधवारी आम्ही जेटीवर बसायचो.
मी विचारायचो, तो पाण्याकडे बघायचा.
मी सातपर्यंत मोजायचो.
मग चौदा. एकदा तर सत्तर,
तेवढ्यात एक ट्रॉलर दीपगृहाच्या टेकडीमागे गेला.
मी फॉर्मवर लिहिलं,
‘विश्वास तयार होत आहे.’

तिसऱ्या बुधवारी त्याने बिस्किटाचा पुडा फोडला,
निम्मा मला दिला,
आणि काही विचारलं नसताना म्हणाला,
माका ह्या कानान आयकाक येना नाय.

डावा कान. लहानपणचा ताप.
एसटी उशिरा येते, तेव्हा जागा उरते ती
उजव्या टोकाला, खिडकीपाशी.
सर बोलतात ते सगळं डावीकडून येतं.
हजेरीला शेजारचा कोपर मारतो,
म्हणून हजेरी पुरी.

आणि मी तीन बुधवार
त्याच्या डावीकडे बसलो होतो.
वाऱ्यात माझे सगळे प्रश्न,
सगळी शिस्तीत मोजलेली शांतता
त्या बंद कानाला.

घरी बाबांचा डावा कान
इंजिनांनी केव्हाच खाल्लाय.
आम्ही जेवायला त्यांच्या उजव्या हाताला बसतो,
आई, ताई, मी,
ही रीत कोणी शिकवलेली मला तरी आठवत नाही.

सात मोजायचे राहून गेले.
उठलो, त्याच्या मागून फिरून
पलीकडे जाऊन बसलो.
तिथे ओला दोरखंड होता, पँट भिजली.
म्हटलं, आता पयल्यापासून इचारतंय.
तो बिस्कीट चावत
पहिल्यांदाच माझ्याकडे वळला.
इचार, म्हणाला. पण जरा कमी इचार.