साठ पावलं

एरियल मिटून घे, दिलावर म्हणाला, आणि चालत जा.
तो विमान धरून उकिडवा बसला
शेंडा पार्कच्या माळावर.
मी मोजत निघालो, मोज्यांत कुसळं भरत.
वीस. तीस. त्याचा हात वर: हलतंय.
एक्केचाळीसला हात खाली आला
आणि विमानाची शेपटी थरथरायला लागली
हुडहुडी भरल्यासारखी.

मागच्या रविवारी हेच झालं, पण वर, आभाळात.
मुडशिंगीच्या उसात गेलं ते.
तोडकऱ्यांच्या पोरीनं पंख आणून दिला
आणि विचारलं, ह्याच्यात कोण बसतंय?

तेव्हा मी सगळ्यांना दोष दिला होता.
हाय टेन्शनच्या तारांना,
उद्यमनगरातल्या वेल्डिंगला, इतक्या लांबच्या,
सरनोबतांच्या पोराला,
ज्याच्याकडं माझ्याच नंबरचा क्रिस्टल आहे
आणि जो फळीवरचा चिमटा न घेताच सेट चालू करतो.
पोरगा त्या दिवशी सांगलीला होता, मावसबहिणीच्या हळदीला.

दिलावर शिकलगार चाळीस वर्षं लेथवर आहे.
त्यानं रिसीव्हरची तार
दोन बोटांत धरून वितीवितीनं वाकवली,
आणि एका जागी थांबला.
वरनं प्लास्टिक धड. आत तांबं तुटलेलं.
हालवलं की चिकटतंय, हालवलं की सुटतंय, लगा.
नवी तार तेवढ्याच लांबीची घेतली,
बोटभर कमी नाही, जास्त नाही.
डाग दिला. राळेचा धूर माझ्या डोळ्यांत.

पुन्हा चाललो. पन्नास. साठ.
हात वरच.
मी डांबरी रस्त्यापर्यंत गेलो, उगाच,
तो ठिपक्याएवढा झाला तरी
हात वरच.

मग उडवलं. टेंबलाईच्या बाजूला लांब गेलं,
आणि मला भीती वाटली की
मी करतो तसंच केलं:
एरियल त्याच्यावर रोखली, बोट दाखवावं तशी.
पंख एकदा डचमळला.
दिलावरनं कोपराला ढोसलं.
टोक रोखू नगंस. टोकातनं काय बी जात न्हाई.
जे जातंय ते कुशीतनं.

मी एरियल आडवी केली,
विमानाकडं लक्ष नसल्यासारखी.
ते सरळ झालं.

बावीस वर्षं मी रोखत आलोय.
कुणी सांगितलं नाही.
मी विचारलं कुठं होतं.

उतरताना चाक एका दगडाला लागलं,
वाकलं थोडं.
तेवढं उद्या बघू, तो म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण माझ्याकडं केलं.