मगरींच्या गावची

कोकिलाबेनचा ध्रुमिल निघालाय जपानला,
कसल्याशा मशीनच्या ट्रेनिंगला, तीन वर्षं.
"मासी, त्यां रहेवानुं क्यां? फरवा क्यां जवानुं?"
सूरसागरच्या कठड्यावर वही उघडून बसलाय,
मध्ये सेवउसळीच्या दोन प्लेटा,
आणि नऊ वर्षं मी काढली तो देश
तरीवरच्या तेलासारखा,
चमचा नेला की बाजूला सरकतो.

लिही.
फुजी नको लिहूस, तो कुणीही सांगेल.
ओनोमिची लिही.
डोंगराला टेकलेलं गाव, घरोघर जिने, जिन्यांवर मांजरं,
पोस्टमन आधी धाप टाकतो, मग नमस्कार.
खाली बंदर. पलीकडच्या बेटावर बोट जाते, पाचच मिनिटं,
शाळेची पोरं सायकलीसकट चढतात, बसत कुणी नाही.
माझं पलीकडे काही काम नसे.
तरी जायची. तशीच परत यायची.
तिकिटं घेणारे ओकादा-सान एकदा म्हणाले,
पलीकडे कोण असतं तुमचं?
कुणी नाही, म्हटलं.
त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत.
हे नको लिहूस.
हे तुझ्या बाबतीत होईलच असं नाही.

मात्सुए. तिथलं तळं.
संध्याकाळी ऑफिसातून सुटलेली माणसं
काठावर येऊन उभी राहतात,
सूर्याला जणू स्टेशनवर पोचवायला आलीत.
गाडी गेल्यावरही जरा वेळ थांबतात.

राहायचं म्हणशील तर
निशिकासाईत आपली माणसं आहेत, हिंग मिळतो, तूरडाळ मिळते,
नवरात्रात गरबासुद्धा.
चार महिने राहिले. जपानी सोडून सगळं बोलले.
मग तोयामा. पंपांच्या कारखान्यात
माहितीपुस्तकांची भाषांतरं: झडप, गळती, दाब.
बर्फ निम्म्या खिडकीपर्यंत.
पहिल्याच मंगळवारी मी बाटल्या बाहेर ठेवल्या,
पिशवी संध्याकाळी परत दारात,
वर चिठ्ठी: पेन्सिलीनं काढलेली बाटली,
शेजारी कमरेत वाकलेली बाई.
चूक माझी आणि वाकल्या घरमालकीण हिरोसे-बाई.
गॅसच्या पुस्तकात आहे अजून ती चिठ्ठी.

आणि नाणी टाकून कपडे धुवायची दुकानं.
कुठल्याही गावात, रात्री दहानंतर.
थंडीत शहरातली सगळ्यात ऊबदार जागा.
एक व्हिएतनामचा, एक ब्राझीलची, मी,
गरगरणाऱ्या पिंपाकडे बघत.
कुठली तू, असं कुणी कुणाला विचारत नसे.

हिरोसे-बाईंना एकदा सांगितलं,
आमच्या शहरातून नदी वाहते, विश्वामित्री,
तिच्यात मगरी असतात, पुरात रस्त्यावर येतात.
तोंडावर हात धरून हसल्या.
मग भावानं कात्रण धाडलं:
सोसायटीच्या फाटकाशी मगर, मागे जाळं धरलेली पोरं.
बाईंनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं,
नातवाच्या फोटोला चिकटून.
तिथून पुढे माझी ओळख करून देत,
ही मगरींच्या गावची.

वडोदऱ्यात आमच्या सहा पिढ्या.
कुणी खापरपणजोबा दफ्तरात लेखणी घासत आले,
तरी खंडेराव मार्केटातली भाजीवाली विचारते,
तमे महाराष्ट्रना?
पुण्याची आत्तेबहीण म्हणते,
तुम्ही काय बाई, गुजराती.
म्हणून परकं असणं मला तिकडे नव्यानं शिकावं लागलं नाही,
लहानपणापासूनचा रियाज होता.
गाव मात्र तिकडे मिळालं.
तेही इथलंच.

उसळ निवलीय. ध्रुमिल मान खाली घालून लिहितोय.
वाकून बघते.
पानभर नावांतून त्यानं दोनदा अधोरेखलंय एकच वाक्य:
मंगळवारे बाटली नहीं मुकवी.
"खरं ना, मासी?"
खरं, म्हटलं. आणि थोडी तरी माग अजून,
तिकडे नाही मिळायची.