पंचवीस, उद्या सकाळी

शेवंतमावशी म्हणाली, आधी पेटी तापव,
मग पिल्लं आण.
रिकामी पेटी कशाला तापवायची, मी म्हटलं.
ती पानाची गुळणी सावरत हसली,
"पाहुणा दारात आल्यावर चूल पेटवतोस?"

म्हणून आज रात्री मांगरात,
टिपरच्या पुढच्या चाकाला टेकून,
टीव्हीचा खोका.
टीव्ही भावाने नेला, वाटणीत खोका मला.
तळाला साखळीच्या गिरणीतला तूस, चार बोटं,
वर वर्तमानपत्र,
नाहीतर पहिल्या दिवशी तूसच खातात म्हणे,
दाणा समजून.

बशीत खडे टाकायचे, कारण ती बुडतात.
बशीत. अर्ध्या बोटाच्या पाण्यात.
आणि प्रत्येकाची चोच एकदा तरी
आपण पाण्याला लावायची,
पाणी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नसतं त्यांना.

डोंगर उतरवलाय मी,
एका ट्रिपला दहा टन, दिवसाला नऊ ट्रिपा,
आमोण्याच्या जेटीवर, बार्जीच्या पोटात.
आज सात खडे घासतोय जुन्या टूथब्रशने.
पाणी तांबडं होतं, टाकतो, पुन्हा तांबडं.

साठचा बल्ब पेटला.
घरात थर्मामीटर एकच, काखेत धरायचा.
तो तुसावर ठेवून वाकून बघतोय
तर रत्नप्रभा दारात:
"खोक्याला ताप आलाय?"
बेचाळीस. काच तिथे संपते.
पस्तीस हवेत. बल्ब एक वीत वर बांधला, पारा झटकला,
पुन्हा वाकलो.

डिचोलीला गुरांच्या दवाखान्यात ती नवी मुलगी आहे, गावसांची.
म्हणाली, काका, यंत्राकडे नका बघू, पिल्लांकडे बघा.
दिव्याखाली गठ्ठा झाली तर थंडी.
कडेला पळाली तर उकाडा.
सांडलेल्या मुगासारखी पसरली
तर तुम्ही जाऊन झोपा.

नावं ठेवायची नाहीत, असं घरात ठरलंय.
नाव ठेवलं की शागोती होत नाही.
मी हो म्हटलं.
इजिदोर मेस्त्रीने जाळी ठोकून दिली, मुंगसासाठी,
आणि जाता जाता विचारलं,
त्यातल्या एकाचं नाव इजिदोर ठेवशील ना?

पावणेतीनला वीज गेली.

आत कोणीच नव्हतं. झोपून राहिलो असतो
तर चाललं असतं.
पण खोका काळा झाला आणि मी उठलो
पोर रडल्यासारखा.

खाण बंद झाल्यापासून दर रविवारी
मी टिपर सुरू करतो, दहा मिनिटं,
बॅटरी जगावी म्हणून.
दर रविवारी ती म्हणते, डिझेल पी त्यापेक्षा.
आज मागच्या ब्रेकचा दिवा काढला,
दोन वायरी ओढल्या, खोक्यावर टांगला.
लाल उजेड पडला.
बाहेर कुठे कुत्रं भुंकलं, थांबलं.
खोक्यात कागद, बशी, सात खडे,
सगळं थांबल्यासारखं लाल.

हात आत घालून बसलो, तळवा खाली,
चाळीस ग्रॅमच्या जिवाला काय वाटेल
याचा अंदाज घेत.
माझ्या हाताला अंदाज नाही.
गिअरचा आहे, उताराचा आहे.

रत्नप्रभा शाल घेऊन आली.
काही न बोलता तिनेही हात घातला,
मनगटाची बाजू खाली,
दुधाची बाटली बघतात तशी.
"जरा खाली घे दिवा."
घेतला.
"हं. आता पुरेल."

कागदावर दोघांच्या हातांच्या सावल्या,
बोटं मोजली तर वीस, पंचवीसला पाच कमी.

वीज आली तेव्हा कोंबडे आरवत होते, शेवंतमावशीचे.
दिवा परत गाडीला लावून म्हटलं,
साडेआठला स्कूटर काढतो, मांडीवर पाटी धरून बसशील?
ती शाल घडी करत होती.
"ट्रक ने," म्हणाली.

कागदपत्रं कधीच संपलीत त्याची.
वाटेत कुणी अडवलं, मागे काय आहे विचारलं
तर काय सांगू?

"माल," ती म्हणाली. "सांग, किलोभर माल आहे,
सावकाश चाललोय."